आकडा एकच्या खाली

आमच्या लायब्ररीत पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठलेत. पुस्तकं निदान दरवर्षी मोजली जातात, फाटकी निघाली की बाद होतात, रद्दीत जातात. किश्श्यांना बाद करायची सोयच नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला त्याच्यावरचा आठवतो, तिसरा म्हणतो "हे तं काईच नाई", आणि चहा गार होतो. पूर्वी हे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. आता ऐकणारे कमी झालेत, आणि सांगणारा शेवटाकडे आला की खिडकीबाहेर बघायला लागतो.

मी शोभा. अमरावतीच्या एका सायन्स कॉलेजात लायब्ररी असिस्टंट. आमच्या लायब्ररीच्या मागच्या खोलीतून एक संशोधनाचं त्रैमासिक निघायचं. संपादक गुल्हाने सर. सर वनस्पतिशास्त्राचे, त्यातही गवताचे, त्यातही मेळघाटातल्या गवताचे. नोकरीतून निवृत्त झाले तरी त्रैमासिक त्यांच्याकडेच राहिलं. बायको गेलेली, मुलगी परदेशात. रोज सकाळी अकराला सायकल लावून सर मागच्या खोलीत येऊन बसायचे. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाकीच्या मासिकांत एकच विषय असतो. आमच्यात सगळे. कोणी विचारलं तर सरांचं उत्तर ठरलेलं. "वावरात माती असते, शेळी असते, गवत असते अन् गणितही असते. मंग मासिकात काहून नसावं?"

मी बावीस वर्षं प्रुफं तपासली, पाकिटांवर तिकिटं चिकटवली आणि शेवटी शेवटी आकडे काढले. त्या आकड्यांचेच हे किस्से.

*

पहिला नवीन प्रिन्सिपॉल साहेबांचा. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा. एक दिवस त्यांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"गुल्हाने सर, आपल्या जर्नलचा इम्पॅक्ट किती?"

"चांगला हाये," सर म्हणाले.

"किती?"

"बरा हाये म्हनलं नं. गावोगाव जाते अंक."

"सर, आकडा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आकडा काढायची रीत साहेबांनीच फळ्यावर लिहून दाखवली. मागच्या दोन वर्षांत आपण जितके लेख छापले, त्यांचा उल्लेख यंदा जगातल्या इतर लेखांत कितीदा झाला ते मोजायचं. आलेल्या बेरजेला लेखांच्या संख्येने भागायचं. झालं! एक आला म्हणजे प्रत्येक लेखाची सरासरी एकदा तरी कोणीतरी दखल घेतली.

मी आठवडाभर डेटाबेससमोर बसून मोजलं. शून्य आलं, मग टिंब आलं, टिंबानंतर परत शून्य, आणि त्याच्या पुढे कुठेतरी एक बारका सात. तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "संस्थेने ठरवलंय. पुढच्या वर्षी आकडा एकच्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर जर्नल बंद. माझाही नाइलाज आहे."

सर बाहेर आले, जिन्यात थांबले. मला वाटलं चिडतील, काहीतरी बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तो सात कोनाचा होता?"

*

अकोल्याचे भटकर म्हणजे मातीचे डॉक्टर. काळ्या मातीत त्यांचे प्लॉट होते, आणि एकेक प्रयोग दहा दहा वर्षं चालायचा. दर अंकाच्या वेळी बसने अमरावतीला यायचे, लेख हातात द्यायचे, पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. आकड्याचं प्रकरण सुरू झाल्यावर तेही कामाला लागले होते, म्हणजे रोज फोन करून "आला का एखादा?" विचारायचे.

एक दिवस आला! ब्राझीलच्या कोणीतरी भटकरांच्या लेखाचा उल्लेख केला होता, चांगला अर्धा परिच्छेद. मी लगेच फोन लावला. फोनवरूनच ते इतक्या मोठ्याने बोलले की वाचनकक्षातल्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने हजर. पेढे घेऊन!

तोपर्यंत मी लेखाची तारीख पाहिली होती. लेख तीन वर्षांपूर्वीचा. आपल्या मोजणीत फक्त मागची दोन वर्षं. म्हणजे तो उल्लेख जगात होता, पण आकड्यात नव्हता.

मी त्यांना हळूच सांगितलं. भटकर पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसले.

"ब्राझीलवाल्याले माही गोष्ट करून पाहाले दोन वर्ष तं नुसते लागन नं बाई. माती का पेपर हाये का सकाळी टाकला अन् संध्याकाळी शिळा?"

"नियम आहे सर."

"म्हनजे पोरगं तीन वर्षाचं झालं का तुमी त्याले घरात मोजत नाई?"

पेढे आम्ही खाल्ले, पण कोणाला गोड लागले नाहीत.

*

तुम्ही म्हणाल, बावीस वर्षांत एकही लेख गाजला नाही का? गाजला की! आमचा एक लेख चिक्कार गाजला.

सोयाबीनवर एक फवारणी केली की उत्पन्न कुठल्या कुठे जातं, असा तो लेख होता. लेखक आमच्याच कॉलेजातले, आता नाव सांगत नाही, माणूस भला होता. आदल्या वर्षी छापून आला आणि नेमका आकड्याच्या वर्षात उल्लेखांचा पाऊस! मी डेटाबेस उघडायची आणि उड्या मारायच्याच बाकी राहायच्या. भारतातले, चीनचे, इथिओपियाचे. त्या वेगाने आकडा एकच्या पार गेला असता.

सरांनी ते सगळे उल्लेख काढून वाचले. मी फक्त मोजत होते, वाचायचं मला सुचलंच नव्हतं. प्रत्येक ठिकाणी एकच लिहिलेलं, की अमरावतीच्या या लेखात म्हटलंय तसं आम्हाला अजिबात आढळलं नाही.

सरांनी लेखकाची प्रयोगाची वही मागवली. गडबड पहिल्याच पानावर. मोजणी करणाऱ्या माणसाने फवारलेल्या प्लॉटची लांबी मीटरमध्ये मोजली होती आणि लेखात फूट म्हणून धरली होती! सगळं गणित तिथेच पालथं.

सर म्हणाले, दुरुस्ती छापायची. पुढच्याच अंकात, पहिल्या पानावर, चौकटीत. मी म्हटलं, "सर, हे वर्ष संपू द्या, मग छापू. मार्चपर्यंत थांबा फक्त."

"तोपर्यंत कोनी फवारलं तं?"

दुरुस्ती छापली. महिनाभरात उल्लेख आटले. आकडा टिंबाच्या मागेच अडकून राहिला.

हे साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी उल्लेखांची यादी मागवून घेतली. मग अगदी मनापासून म्हणाले, "सर, चुकीच्या लेखाला एवढी मागणी आहे, तर अजून दोन छापा की!"

*

मूर्तिजापूरचे राऊत सर शेळ्यांचे डॉक्टर. शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर त्यांचे लेख. जंतांवर बोलायला लागले की शेजारचा माणूस डबा बंद करायचा. पण दिलदार माणूस. सरांचं त्रैमासिक बंद होणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त तेच पेटले.

त्याच सुमारास दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या मासिकाचा निरोप आला होता. तुम्ही तुमच्या लेखांत आमचे पाच उल्लेख करा, आम्ही तुमचे पाच करतो. आपल्याकडे शेजारणीने भाजीची वाटी पाठवली की ती रिकामी परत करायची नसते, तसा तो प्रकार. सरांनी उत्तरही दिलं नाही.

राऊत मला म्हणाले, "सराइले नको सांगू बाई. बाहेरच्याची वाटी नको तं नको. घरातल्या घरात तं वाढू शकतो नं आपन!" आणि त्यांनी खरंच आपल्या पुढच्या लेखात आमच्या मासिकातल्या मागच्या दोन वर्षांतल्या नऊ लेखांचे उल्लेख घातले. मला वाटतं, चूक होती. पण प्रूफ तपासताना मी पेन खाली ठेवलं आणि पान उलटलं. नऊ म्हणजे आमच्यासाठी थोडे नव्हते.

सरांनी शेवटची नजर फिरवताना पकडलंच. राऊतांना बोलावून घेतलं.

"राऊत, हा लेख शेळ्याइच्या जंतावर हाये."

"हाव सर."

"याच्यात नसीम मॅडमच्या गणिताच्या लेखाचा उल्लेख हाये. अविभाज्य संख्यांवरचा. कायले?"

राऊत एक सेकंदही अडखळले नाहीत.

"शेळ्या मोजल्या नं सर!"

सर हसले. मोठ्याने हसले, त्या वर्षात पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी लाल पेन उघडलं आणि नऊच्या नऊ उल्लेख एकेक करून खोडले. राऊत खालमानेने बघत उभे होते.

*

मधल्या काळात एक दिवस अंजनगाव सुर्जीचे सुधाकरभाऊ लायब्ररीत आले. पानमळेवाले. विड्याच्या पानांचे वेल, पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. खिशातून चार घड्या घातलेली झेरॉक्स काढली. वेल सुकतात त्या रोगावर आमच्या अंकात आलेला लेख होता, घड्यांवर अक्षरं पुसली होती.

"मॅडम, याची चांगली परत पायजे. हे वाचून वाचून फाटलं. आमच्या आळीतल्या सगळ्याइनं याच्यावरूनच मळे वाचोले."

मी कान टवकारले. मी त्यांना सरांसमोर नेऊन बसवलं. सरांनी लेख सोडून मळ्याचंच सगळं विचारून घेतलं, वाफा केवढा, पाणी किती, सावलीला काय लावता. मी मात्र आशेने विचारलं, "भाऊ, हे तुम्ही कुठे लिहून द्याल का? म्हणजे लेखाचा उपयोग झाला म्हणून. आमचं मासिक बंद व्हायला आलंय."

"कोठी लिहा लागते?"

मी म्हटलं, लोकांना दिसेल असं कुठेतरी. तेही लेखाचं नाव, लेखकाचं नाव, खंड, अंक, पान, असं रीतसर.

"लिहितो नं! त्याच्यात का हाये!"

पंधरा दिवसांनी सर परतवाड्याहून एसटीने अंजनगावमार्गे येत होते. गावाबाहेर एका विहिरीच्या मोटारघराच्या भिंतीवर, खताच्या जाहिरातीच्या शेजारी, हातभर निळ्या अक्षरांत लिहिलेलं. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, आमच्या त्रैमासिकाचं नाव, खंड, अंक, पृष्ठ इतके ते इतके. सर म्हणाले, आयुष्यात शेकडो लेख तपासले, इतका शुद्ध संदर्भ एकाही प्राध्यापकाने दिला नव्हता!

मी फोटो मागवून प्रिंट काढली आणि साहेबांकडे नेली. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. खरं सांगते, त्यांची नजर जरा मवाळ झाली.

"छान आहे हो," ते म्हणाले. "पण भिंत डेटाबेसमध्ये नाही."

*

नसीम मॅडम म्हणजे आमच्या गणिताच्या. शांत बाई. बोलल्या तर चार शब्द. त्यांचा एक प्रश्न होता, अविभाज्य संख्यांचा, तो त्या तरुणपणापासून सोडवत होत्या. "जगात हा प्रश्न सोडवणारे आम्ही पाच जण आहोत," असं त्या कधी तरी म्हणायच्या, आणि त्यात तक्रार नसायची, उलट थोडा मानच असायचा.

आकड्याच्या काळात साहेबांनी त्यांनाही बोलावलं होतं. "मॅडम, बायोटेकच्या एका लेखाला पन्नास पन्नास उल्लेख येतात. तुमच्या लेखाला जास्तीत जास्त किती येतील?"

"चार," मॅडम म्हणाल्या.

"चारच?"

"पाचवी मी आहे सर. मी स्वतःचा करत नाही."

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मॅडम लायब्ररीत आल्या. वाचनकक्ष भरलेला होता. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर धरून. मी म्हटलं, "काय झालं मॅडम? चहा सांगू?"

"हंगेरीचे ते प्रोफेसर गेले." इतक्या वर्षांत त्यांची कधी भेट झाली नव्हती. फक्त पत्रं, मग ईमेल.

मॅडमनी टेबलावरचा आमचा ताजा अंक उचलला, स्वतःचा लेख काढला, पहिलं पान पाहिलं आणि अंक मिटला.

"शोभाताई, आज माझा चौथा हिस्सा वाचक गेला."

नंतर मी घरी जाऊन रडले. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, तरी रडले.

*

आता माझा. हा मी कोणाला सांगत नाही, पण एवढे सांगितले तर हाही सांगते.

अकोल्याला एक कार्यशाळा झाली. विषय होता, वेगवेगळ्या विषयांच्या मासिकांची तुलना कशी करायची. तिथल्या रीतीने काढलेला आकडाही चालेल, असं संस्थेने कळवलं होतं. सर, भटकर, राऊत, मी, सगळे गेलो. बाहेरून आलेले तज्ज्ञ फार नीट बोलले. म्हणाले, गणिताला आणि बायोटेकला एकच फूटपट्टी लावणं अन्याय आहे. प्रत्येक लेखाची तुलना त्याच्याच विषयातल्या सरासरीशी करायची. गणितात सरासरी एक उल्लेख असेल आणि तुमच्या लेखाला दोन आले, तर तुम्ही दुप्पट चांगले.

सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. माझ्या कानाशी म्हणाले, "हेच तं मी म्हनून राहिलो होतो बाई! वाचलो आपन!" इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

जेवणानंतर तज्ज्ञांनी नमुन्यादाखल आमचंच मासिक घेतलं. पडद्यावर नाव आलं. नावाखाली विषयाचा रकाना. त्यात लिहिलेलं: पशुविज्ञान.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"तुमच्या मासिकाच्या सगळ्या लेखांची तुलना पशुविज्ञानाच्या सरासरीशी होणार. गणित असो, माती असो, गवत असो. आणि पशुविज्ञानाची सरासरी या सगळ्यांपेक्षा मोठी."

"हे कोनी ठरोलं?"

"तुमच्याच ऑफिसने. डेटाबेसचा फॉर्म भरताना एक विषय निवडायचा असतो."

राऊत मोठ्याने म्हणाले, "म्हनजे इतले वर्ष आमच्या शेळ्याइनं पोसलं तुमाले!" सगळा हॉल हसला. मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत होते.

तो फॉर्म मी भरला होता. कधीचा तरी, शेवटच्या तारखेला. सर तेव्हा मेळघाटात सेमाडोहला गवत गोळा करत होते आणि फोन लागत नव्हता. एकच खाना टिक करायची मुभा होती. त्या अंकात राऊतांचे तीन लेख होते, म्हणून मी पशुविज्ञानावर टिक केली, फॉर्म पाठवला आणि विसरून गेले. इतकी साधी गोष्ट!

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरला राऊत उतरले. बस पुन्हा निघाल्यावर मी सरांना सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलंच नसतं. अमरावतीला उतरताना सर म्हणाले, "उद्या तो फॉर्म काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी फाईलमधली प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. सर ती खिडकीपाशी घेऊन गेले. बोट ठेवत ठेवत एकेक खाना वाचला, वरून खालपर्यंत, मग मागचं पान. मला वाटलं आता तरी ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कागद माझ्याकडे परत देत म्हणाले, "तुमचं काई चुकलं नाई बाई. सगळे खाने हायेत. गवताचा नाई."

विषय बदलून मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, फेरविचार दोन वर्षांनी. आमच्याकडे उरले होते चार महिने.

*

मार्च आला. मी शेवटचा आकडा काढला. एकच्या खाली, बराच खाली. सर तो कागद घेऊन स्वतः साहेबांकडे गेले, सही करून दिला, आणि संस्थेचं पत्र येईपर्यंत घरी काय बसायचं म्हणून सेमाडोहला निघून गेले. तिथे एका नाल्यात दगडावरून पाय घसरला. खुबा मोडला. लोकांनी जीपमध्ये घालून अमरावतीला आणलं, ऑपरेशन झालं, जनरल वॉर्डात ठेवलं. मुलीचा फोन आला होता, तिकीट मिळत नव्हतं.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत मी गेले. सर पांढरेफटक पडले होते. बोलताना मध्येच थांबायचे, ओठ दाबायचे, मग पुढचा शब्द.

"पत्र आलं?"

"आलं सर."

"बंद?"

"बंद."

"बरं." थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या अंकाचे चार लेख आपल्याकडे हायेत. ते ज्याचे त्याले परत धाडा. नीट पत्र लिहा सोबत. लेखात खोट नव्हती म्हना."

मी हो म्हटलं. शेजारच्या खाटेवर एक चाळिशीचा माणूस होता, मळणीयंत्रात हात गेलेला. कोपरापर्यंत बँडेज. तो कण्हत नव्हता, छताकडे बघत होता, त्याची बायको खाली बसून पदराने त्याचे पाय पुसत होती.

तेवढ्यात सिस्टर आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये भरलेली सिरिंज. सरांच्या पायाशी लटकवलेला चार्ट उचलला.

"आजोबा, दुखणं किती आहे? एक ते दहामध्ये सांगा."

सरांनी डोळे उघडले.

"हे शेजारचे काय म्हनले?"

"ते? ते सकाळी नऊ म्हणाले. तुमचं सांगा."

सरांनी मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सिस्टर पेन धरून उभ्या होत्या.

"मंग माहं दोन लिहा."

"दोन? आजोबा, दोनला इंजेक्शन नाही देत. पाचच्या वर असेल तरच."

"सर!" मी म्हटलं.

"दोन," सर म्हणाले.

सिस्टरनी दोन लिहिलं, सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सरांनी खाटेचा लोखंडी दांडा मुठीत धरला होता. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, मी उठले, दारापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं, तेव्हाही तो त्यांनी सोडला नव्हता.